गोंदण पुसू नका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

पेपरला पत्र पहिल्यांदाच लिहायलोय. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा फोटो स्टुडिओ आहे, तीस वर्षं होऊन गेली, आणि आपला पेपर आमच्याकडं वडील होते तेव्हापासून येतो. विषय फोटोचाच आहे, जुन्या लेन्सचा आहे, पण तो मनात सुरू झाला आपल्याच पेपरातल्या एका जाहिरातीवरून, म्हणून तुम्हालाच लिहितो. लांबलं तर कापा, फक्त गोंदणाचा भाग ठेवा.

गेल्या महिन्यात आमच्या आज्जीचं पहिलं पुण्यस्मरण झालं. जाहिरात चुलतभावानं दिली. फोटो त्याच्या मोबाईलमधला, कुणाच्या तरी लग्नाच्या गर्दीत काढलेला, तो गेला डीटीपीवाल्याकडं, त्यानं मागचं सगळं काढून निळं बॅकग्राउंड टाकलं, मग एका ॲपमधून चेहरा 'क्लिअर' करून घेतला आणि तिथून तो तुमच्याकडं आला. हेतू कुणाचाच वाईट नव्हता, आज्जी चांगली दिसावी म्हणूनच केलं सगळ्यांनी. सकाळी पेपर आला, आईनं चष्मा पुसून जाहिरात बघितली, किती तरी वेळ काही बोललीच नाही, मग फोटोतल्या हनुवटीवर बोट ठेवून म्हणली, "अरे, हिचं गोंदण कुठंय?"

खरंच नव्हतं. आज्जीच्या हनुवटीवर एक ठिपका होता आणि दोन भुवयांच्या मधी तीन, वयानं हिरवट झालेले, ॲपला ते डाग वाटले आणि त्यानं पुसून टाकले. सोबत गालाच्या सुरकुत्या गेल्या, डाव्या डोळ्याखाली लहानपणी बैलाचं शिंग लागल्याची खूण होती ती गेली, नव्वदीच्या बाईला गुळगुळीत मेणासारखं कातडं आलं. आपल्याकडं जुन्या बाया म्हणायच्या की सोनं, नाणं, लुगडं सगळं इथंच काढून घेतेत, सोबत येतं ते गोंदण. त्याच्यासाठी तर आठ-दहा वर्षांच्या पोरी रडत रडत गोंदणारीपुढं बसायच्या. सरणावर सुद्धा जे तिच्यापासून कुणी काढून घेतलं नाही ते पेपरात छापताना निघून गेलं, हे माझ्या डोक्यातून जातच नाहीये.

आता माझी चूक सांगतो. माझ्याकडं आज्जीचा दुसरा फोटो होता. भावानं मागितला नाही आणि धावपळीत मी पण दिला नाही. तो फोटो ज्या लेन्सनं काढला तिच्याबद्दल सांगायचंय, कारण तसल्या लेन्स आज मराठवाड्यात कितीतरी घरांत, बंद पडलेल्या स्टुडिओंत, ट्रंकेत, माळ्यावर पडून आहेत आणि एकेक करून भंगारात चालल्यात.

माझे मामा परभणीला स्टुडिओ चालवायचे. बारावी झाल्यावर मी त्यांच्याकडंच शिकलो. मुख्य काम याशिका मॅट कॅमेऱ्यावर, वर बघायची एक लेन्स आणि खाली काढायची एक, एकशे वीसच्या रोलवर बारा फोटो. पण मामांकडं एक रशियन झेनिट कॅमेरा पण होता, हैदराबादहून सेकंडहँड आणलेला, त्याचं शटर पुढं मेलं आणि लेन्स तेवढी पत्र्याच्या डब्यात राहिली. हेलिऑस ४४-२. अठ्ठावन्न मिलिमीटर, एफ २, एफचा आकडा जेवढा लहान तेवढं उजेड आत घ्यायचं छिद्र मोठं. मामा सांगायचे की ही रशियन असली तरी हिचा मूळ आराखडा जर्मन आहे, येना गावच्या झाईस कंपनीच्या बायोटार लेन्सचा, १९३० च्या दशकातला, आणि महायुद्धानंतर रशियानं तो घेऊन मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात आपल्या काचा वापरून ही बनवली. "जगात जर्मनी, भारतात परभणी" ही म्हण सगळ्यांनाच माहितीय, मामांच्या कपाटात दोन्ही एका डब्यात होतं आणि ते फार मायेनं ती लेन्स हातात घ्यायचे. जाताना त्यांनी ती मला दिली.

वेळा अमावस्येला, म्हणजे आमच्या येळवसला, सगळे शेतात होतो. कडब्याची कोप केलेली, पांडव मांडलेले, भज्जी-उंडे-आंबील झालेलं, चारच्या पुढं ऊन तिरपं झालं तशी आज्जी कोपीच्या तोंडाशी पाय पसरून बसली. तिच्या मागं सात-आठ हात अंतरावर उभी ज्वारी. मी अडॅप्टर, म्हणजे जोडायची मधली रिंग, लावून हेलिऑस कॅमेऱ्यावर चढवली, अपर्चर, म्हणजे उजेडाचं छिद्र, पूर्ण उघडलं आणि पाच फुटांवर बसून हातानं फोकस मारला, तिच्या जवळच्या डोळ्याच्या पापणीवर. ती माझ्याकडं बघत नव्हती, कोपीत कुणी तरी काही बोललं तिकडं बघून हसायच्या बेतात होती. एवढंच. एकच फोटो नीट आला.

त्या फोटोत डोळा एकदम टोकदार आहे, पापणीचे पांढरे केस मोजता येतेत. हनुवटीवरचा ठिपका आहे, त्याच्या कडा जरा पसरलेल्या, शाई कातडीत मुरलेली असते तशाच. सुरकुत्या आहेत, सगळ्याच्या सगळ्या, पण त्या चाकूनं ओढल्यासारख्या दिसत नाहीत, प्रत्येक सुरकुतीच्या कडेला उजेडाची एक बारीक साय धरल्यासारखी दिसती. नाकापासून कानाकडं जाताना फोकस हळूहळू सुटत जातो, कान मऊ, कानातली कुडी म्हणजे नुसता एक चमकता गोळा, मग पदर, मग कोपीचा कडबा. आणि मागं ज्वारीची पानं आहेत ती तिच्या डोक्याभोवती गोल फिरल्यासारखी झाली, जसं काही सगळं शेत तिच्याभोवती रिंगण धरून उभंय. आईनं हा फोटो बघितला तेव्हा फोटोबद्दल एक शब्द बोलली नाही, म्हणली, "दुपारचं ऊन लागलं होतं तिला त्या दिवशी." म्हणजे तिला फोटो दिसलाच नाही, सासू दिसली.

हे असं का होतं ते सांगतो, कारण लोकांना वाटतं जुनी लेन्स म्हणजे नुसता जुना धूसर फोटो. तसं नाहीये ते. काचेच्या मधून गेलेला उजेड आणि कडेनं गेलेला उजेड, दोन्ही अगदी एकाच जागी येऊन टेकावेत हे नवीन लेन्समध्ये कॉम्प्युटरनं काढलेले आराखडे आणि खास घडवलेली भिंगं वापरून जमवतेत. जुन्या लेन्समध्ये अपर्चर पूर्ण उघडलं की कडेचा उजेड किंचित पुढं-मागं टेकतो. त्यानं काय होतं की मूळ रेघ टोकदार राहती आणि तिच्यावर एक पातळ धुकं पसरतं. मामा त्याला "साय" म्हणायचे, मी पण तेच म्हणतो. अपर्चर एफ ४ वर नेलं की कडेचा उजेड कापला जातो, साय जाती, लेन्स कडक होती. म्हणजे एकाच लेन्समध्ये दोन स्वभाव, फोटोग्राफरनं कडं फिरवून ठरवायचं कोणता पाहिजे. पोराचा फोटो असेल तर मी बंद करतो, म्हाताऱ्या माणसाला उघडतो, नवरीला मधी कुठंतरी.

आणि ते रिंगण. फोकसच्या बाहेरचा प्रत्येक चमकता ठिपका फोटोत गोल चकती होऊन येतो, पण फ्रेमच्या कडेला उजेड तिरपा आत शिरतो, लेन्सच्या पुढच्या आणि मागच्या गोल कडा त्याला दोन्हीकडून कापतेत, मग चकतीचं लिंबू होतं, मांजराच्या डोळ्यासारखं, आणि ही सगळी लिंबं फ्रेमच्या मध्याभोवती गोल रांगेत लागतेत. शिवाय हेलिऑसच्या फोकसचं प्रतल, म्हणजे ज्या पातळीवरचं सगळं टोकदार येतं ते, सपाट नसतं, ते वाकलेलं असतं, त्यानं कडेचं फिरणं अजून वाढतं. मागं सपाट भिंत असेल तर काहीच दिसत नाही. मागं झाड, ज्वारी, लिंबाचा पाला, उजेडाचे तुकडे पाडणारं काहीतरी पाहिजे आणि ते माणसापासून काही हात लांब पाहिजे. आमच्या शेतांत ते फुकट मिळतं, पुण्या-मुंबईचे फोटोग्राफर त्याच्यासाठी बागा शोधत फिरतेत.

हे काही रशियन लोकांनी नवीन काढलेलं पण नाही. पहिली खास पोर्ट्रेटची लेन्स जोसेफ पेट्झव्हाल नावाच्या व्हिएन्नातल्या गणिताच्या प्राध्यापकानं १८४० साली आकडेमोड करून काढली, एफ ३.६ ची. त्याच्या आधी फोटोला बसायचं म्हणजे मिनिटं न् मिनिटं न हलता बसायचं, मान मागून लोखंडी आकड्यात धरायचे. पेट्झव्हालची लेन्स कितीतरी जास्त उजेड आत घ्यायची त्यामुळं तो वेळ खूप खाली आला आणि साध्या माणसाला चेहऱ्याचा फोटो काढून घेणं जमायला लागलं. त्या लेन्समध्ये पण मध्य टोकदार आणि कडा फिरलेल्या. २०१३ साली लोमोग्राफी कंपनीनं त्याच धर्तीची लेन्स आजच्या कॅमेऱ्यांसाठी पितळेत परत काढली आणि लोकांनी आगाऊ पैसे भरून घेतली. जी गोष्ट जग पैसे भरून परत मागवतंय ती आपल्या माळ्यावर पडून आहे, हे मला सांगायचंय.

अजून एक गोष्ट आपल्या उन्हाची आहे. काचेचा प्रत्येक पृष्ठभाग, त्यावर थर नसेल तर, साधारण चार टक्के उजेड परत फेकतो. हेलिऑसमध्ये सहा भिंगं चार गटांत आहेत म्हणजे हवेला लागणारे आठ पृष्ठभाग. हा फेकलेला उजेड आतल्या आत उड्या मारतो आणि फोटोतल्या काळ्या भागावर पसरतो. झाईसमध्ये १९३५ ला काचेवर थर द्यायची युक्ती निघाली, त्यानं ते खूप कमी झालं, पुढं सत्तरीच्या दशकात एकावर एक बरेच थर द्यायला लागले तेव्हा जवळजवळ संपलं. जुन्या लेन्सवर बहुतेक एकच थर असतो. म्हणून फोटोत कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्या-पांढऱ्यातला फरक, कमी येतो, आणि आमच्याकडं मार्चपासून जे ऊन पडतं त्यात हे वरदान आहे. फेटा बांधलेला शेतकरी भर दुपारी उभा करा, नवीन लेन्सनं फेट्याच्या सावलीत डोळे म्हणजे दोन काळे खड्डे येतेत, जुन्या लेन्सनं त्या सावलीवर थोडा उजेड सांडतो आणि डोळे दिसतेत. सावळा, रापलेला रंग पण त्यात छान उतरतो, तांबूस, मातीसारखा. सूर्य थेट लेन्सवर येऊ दिला तर मात्र फोटो पांढरा फटक होतो, तेव्हा हाताची सावली धरावी लागती किंवा ढाळजेत जावं. जुन्या वाड्याच्या ढाळजेत एका बाजूनं दार उघडं आणि बाकी अंधार, तिथं बाजेवर माणूस बसवला की पोर्ट्रेटला दुसरा काही तामझाम लागत नाही. फ्लॅश तर नकोच.

आता मोबाईलबद्दल. मोबाईल वाईट आहे असं मी म्हणणार नाही, माझं निम्मं घर त्याच्यावरच फोटो काढतं. पण दोन गोष्टी लोकांना सांगायला पाहिजेत. एक, मोबाईलची मुख्य लेन्स चोवीस-सव्वीस मिलिमीटरच्या हिशोबाची, म्हणजे रुंद दाखवणारी असती, चेहरा मोठा यावा म्हणून आपण तो तोंडाजवळ नेतो, आणि जवळ गेलं की नाक मोठं, कान मागं पळालेले, हा अंतराचा परिणाम आहे. पाच-सहा फूट मागं या आणि लांब लेन्स लावा, चेहरा जसा ओट्यावर समोर बसून दिसतो तसा दिसतो. निकॉनची १०५ मिलिमीटर एफ २.५ ही लेन्स त्याच्यासाठीच नावाजलेली आहे, १९८४ साली पाकिस्तानातल्या निर्वासितांच्या छावणीत स्टीव्ह मॅककरीनं हिरव्या डोळ्यांच्या अफगाण मुलीचा जो फोटो काढला तो याच लेन्सनं. दुसरी गोष्ट पोर्ट्रेट मोडची. तिथं मागचं धूसर होतं ते काचेनं होत नाही, फोन अंदाज बांधतो की माणूस इथं संपला आणि मग कात्री मारतो. पांढरे सुटे केस, चष्म्याची दांडी, पदराचा काठ, हे त्याला कळत नाही आणि तो ते कापून टाकतो. आज्जीच्या कपाळावरच्या दोन-चार बटा सगळ्या मोबाईल फोटोंत गायब आहेत.

कुणी म्हणेल जुने स्टुडिओवाले काय रिटच करत नव्हते का. करत होते. मामा उतारावर निगेटिव्ह ठेवून, मागून बल्ब लावून, भिंग डोळ्याला लावून टोक काढलेल्या पेन्सिलनं तासन्‌तास बसायचे, सुरकुतीची रेघ निगेटिव्हवर फिकी असती ती पेन्सिलनं हलकी भरली की फोटोत ती सौम्य व्हायची. पण मला चांगलं आठवतं, एखादा ठिपका आला की ते हात थांबवायचे आणि गिऱ्हाईक आल्यावर विचारायचे, "हा तीळ आहे का धूळ आहे?" तीळ म्हणलं की हात लावायचे नाहीत. ॲप विचारत नाही. लेन्सला पण तीळ न् धूळ कळत नाही, पण ती निवड करतच नाही, सगळ्या चेहऱ्यावरून सारखाच उजेड नेती, गोंदण मऊ करंल पण नाहीसं करणार नाही. हा फरक माझ्यासाठी फार मोठा आहे.

किती मोठा ते मला १९९३ ला कळलं. ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी परभणीलाच होतो, पुढच्या काही महिन्यांत मी इकडं आलो आणि जे काम सगळ्यात जास्त केलं ते म्हणजे कॉपीचं. मातीतून निघालेले फोटो घेऊन लोक यायचे. लग्नातला ग्रुप फोटो, त्यातली मागच्या रांगेतली तिसरी बाई, चेहरा ज्वारीच्या दाण्याएवढा, तेवढाच मोठा करून द्या. दुसरा फोटोच नाही. मोठा केला की दाणे फुटायचे, नाक-डोळे अंदाजानं दिसायचे, तरी त्यो माणूस समोर उभा राहून म्हणायचा, हां, हीच. तेवढ्या महिन्यांत एकानं सुद्धा मला म्हणलं नाही की जरा गोरी करा, डाग काढा. एका बाप्प्यानं उलट दाखवलं की हिच्या कपाळावर इथं खोक होती, ती दिसंना, ती येईल का. मी ती आणू शकलो नाही. आता लोकांकडं एकेका माणसाचे हजार फोटो असतेत आणि सगळ्या हजारांतून ती खोक आधीच काढलेली असती.

म्हणून वाचकांना विनंती आहे, घरात जुना कॅमेरा असंल तर कॅमेरा चालत नसला तरी लेन्स बघा. झेनिट, पेंटॅक्स, याशिका, जुना निकॉन, काहीही. शेजारच्या तालुक्यातला एक जुना स्टुडिओ दोन वर्षांखाली बंद झाला, पोरांनी पूर्ण कपाट भंगारवाल्याला वजनावर दिलं, पितळ आणि ॲल्युमिनियमच्या भावानं, मला कळलं तेव्हा काचा फोडून धातू वेगळा करून झाला होता. असं होऊ नये.

लेन्स सापडली तर मोबाईलची टॉर्च मागून मारा आणि पुढून तिरपं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर फंगस, म्हणजे बुरशी आहे. थोडी असंल तर जाणता कारागीर उघडून साफ करतो, फार जुनी असंल तर ती काचेवरचा थर खाऊन टाकती आणि डाग राहतो, तरी पोर्ट्रेटला पुष्कळदा चालून जाती. चामड्याच्या पेटीत लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं, पावसाळ्यात तिथंच फंगस धरती. पापडाचा असतो तसला घट्ट झाकणाचा डबा घ्या आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका. जुन्या पेंटॅक्सच्या काही टाकुमार लेन्सची काच पिवळी पडलेली असती, पन्नास एफ १.४ ची बऱ्याचदा. ती खराब नसती, त्या काचेत थोरियम आहे त्यामुळं वयानं पिवळेपणा येतो आणि काही दिवस ऊन दिलं की बराचसा उतरतो. थोरियम थोडं किरणोत्सर्गी असतं, लेन्स वापरायला हरकत नाही पण ती काच फोडायची, घासायची नाही. ऊन देताना पण जवळ कडबा, कापूस, कागद काही ठेवू नका आणि नजर ठेवा, शेवटी ते भिंगच आहे, आग लागती.

लावायची कशाला हा प्रश्न सगळे विचारतेत. झेनिट आणि जुन्या पेंटॅक्सला बेचाळीस मिलिमीटरचे आटे असतेत, एम ४२ म्हणतेत त्याला. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नवा कॅमेरा असंल तर साध्या अडॅप्टरवर कुठलीही बसती. कॅननच्या डीएसएलआरवर, म्हणजे आरशाच्या डिजिटल कॅमेऱ्यावर पण साध्या रिंगवर बसती. निकॉनच्या डीएसएलआरवर बिनकाचेच्या रिंगनं बसवली तर लांबचा डोंगर फोकसमध्ये येत नाही, पण चेहऱ्याच्या फोटोला काही अडत नाही, आपण तीन-चार हातांवरच असतो. लहान सेन्सरच्या (सेन्सर म्हणजे रोलच्या जागी फोटो टिपणारी चकती) कॅमेऱ्यावर अठ्ठावन्नची लेन्स सत्त्याऐंशीसारखी वागती, चेहऱ्याला ते अंतर अगदी बरोबर, फक्त कडा कापल्या जातेत त्यामुळं रिंगण कमी दिसतं. फोकस हातानंच मारायचा. पहिले पन्नास फोटो चुकतील, माझे त्याच्याहून जास्त चुकले. पळणाऱ्या लेकराला, वरातीला ही लेन्स नेऊ नका. बसलेल्या माणसाला न्या, आणि त्याच्याशी बोलत बसा, कारण हातानं फोकस मारायला जो वेळ लागतो त्यात माणूस कॅमेरा विसरतो.

संपादक साहेब, तुमच्याकडं एकच मागणं आहे. पुण्यस्मरणाच्या आणि श्रद्धांजलीच्या जाहिरातींचा फोटो घेताना एजंटांना आणि डीटीपीवाल्यांना सांगा की मूळ फोटो पाठवा, चेहऱ्याला हात लावलेला नको. धूसर असंल तर धूसर छापा. एखाद्या घराला वाटलं की गुळगुळीतच पाहिजे तर त्यांचा हक्क आहे, पण निदान विचारून करा, आमच्या घरी कुणी विचारलं नव्हतं.

येळवसचा तो फोटो सोबत पाठवतोय, जागा असली तर पत्रासोबत छापा. पेपरच्या कागदावर मऊ फोटो मातकट होतो म्हणून कॉन्ट्रास्ट तेवढा जरा वाढवलाय, बाकी कुठंच हात लावलेला नाही. तुमच्याकडं पानं लावताना कुणी साफ करायला घेतला तर त्याला सांगा, हनुवटीवर जे हिरवट दिसतंय ती धूळ नाही.

आपला,
एक स्टुडिओवाला वाचक,
जि. लातूर